खासदाराला पत्र लिहून खरंच काही होतं का? (इंग्लंड, नव्या वसाहतीचा मेंटेनन्स)

कल्याण_जंक्शन

नमस्कार मंडळी,

प्रश्न मुख्यतः इंग्लंडात राहणाऱ्यांना आहे.

2021 मध्ये आम्ही लंडनच्या उत्तरेला, ट्रेनने तासाभरावर, एका नव्या वसाहतीत घर घेतलं. फ्रीहोल्ड. म्हणजे जमीन आपली, कुणाला ग्राउंड रेंट वगैरे नाही. खरेदीच्या वेळी वकीलबाई म्हणाल्या होत्या, "थोडासा एस्टेट चार्ज आहे, हल्ली सगळ्याच नव्या साइटवर असतो." पहिल्या वर्षी तो थोडासा 190 पौंड होता. यंदाचं बिल 430 चं आलंय. गवत कापणं, खेळाच्या जागेची तपासणी, तळ्याची देखभाल (तळं म्हणजे पावसाचं पाणी साठायला खणलेला खड्डा, त्यात आता कमरेएवढं गवत आहे), विमा, लेखापरीक्षण आणि सगळ्यात मोठी ओळ "मॅनेजमेंट फी". आमच्याकडून पैसे गोळा करायचे पैसे! झोपाळा गेल्या उन्हाळ्यापासून तुटलेला आहे, पण त्याची "तपासणी" मात्र नेमाने होते आणि बिलात येते.

रस्ता अजून काउन्सिलच्या ताब्यात गेलेला नाही. बिल्डर म्हणतो काउन्सिलचा माणूस तपासायला येत नाही, काउन्सिल म्हणते बिल्डरने काम पुरं केलेलं नाही. डांबराचा शेवटचा थर न टाकल्यामुळे मॅनहोलची झाकणं रस्त्याच्या वर बोटभर आलेली आहेत. थंडीत मीठ टाकायला कुणी येत नाही. काउन्सिल टॅक्स मात्र पूर्ण भरतो.

शेजारी एक निवृत्त यॉर्कशरवाले आजोबा आहेत, ते भेटतील तेव्हा म्हणतात, "राइट टु युवर एमपी, लॅड." आमचे खासदार पहिल्यांदाच निवडून आलेत. मंत्री नाहीत, कसल्या समितीचे अध्यक्ष नाहीत, टीव्हीवर कधी दिसले तर शेवटून दुसऱ्या बाकावर. खासदार-आमदार म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर येतं ते लेटरहेड, "योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती", खाली शिक्का, आणि तो कागद कायमचा फायलीत.

शिवाय आम्ही अजून भारतीय पासपोर्टवर. मी त्यांचा मतदारच नाही, तर ते माझं ऐकतील कशाला? कुणाला अनुभव आहे का?

नाना_थेम्सकाठी

काही होत नाही. साडेसहाशे खासदार, त्यातले नव्वदेक सरकारात, बाकीचे व्हिप सांगेल त्या दाराने मत द्यायला जातात. तुमच्या पत्राला एक छान उत्तर येईल, "आपली चिंता मी समजू शकतो". मग बुधवारी पंतप्रधानांसमोर उभं राहून गावातल्या बेकरीला बक्षीस मिळाल्याबद्दल अभिनंदन करतील आणि त्याची क्लिप फेसबुकवर टाकतील. वकील गाठा.

कृष्णाकाठ

नाना, वकील जरूर गाठावा, पण त्याच्या पहिल्या पत्राचं बिल आलं की मग बोलू.

मी काही वर्षं एका खासदारांच्या मतदारसंघातल्या ऑफिसात केसवर्कर होते, म्हणजे लोकांच्या तक्रारींचा पाठपुरावा करणारी. कुणाच्या, कुठल्या पक्षाच्या ते विचारू नका. नोकरी सुटली तरी तोंड मिटून ठेवायची सवय सुटत नाही. वाईची असल्यामुळे तशीही ती सवय मुश्किलीनेच लावून घेतली होती.

आधी मताचं. कल्याण, तुम्ही भारतीय पासपोर्टवर असूनही इथले मतदार होऊ शकता. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक, कायदेशीर व्हिसावर इथे राहणारे, अठरा पूर्ण: एवढं असलं की नाव नोंदवा आणि संसदेच्या निवडणुकीत खुशाल मत द्या. आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊकच नसतं. आणि यादीत नाव नसलं तरी मदत मागायला आडकाठी नाही. मतदारसंघात राहणारा प्रत्येकजण त्या खासदाराचाच. आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न पोस्टकोड. दुसऱ्या मतदारसंघातला निघाला की गोड बोलून तिकडे पाठवायचं, दुसऱ्याच्या माणसाच्या कामात हात घालायचा नाही, हा इथला अगदी कडक पाळला जाणारा संकेत आहे. म्हणून पत्रात सगळ्यात वर पूर्ण पत्ता लिहा. तो नसलेली ईमेल आमच्याकडे पहिल्या चाळणीतच अडकायची.

ऑनलाइन मोहिमेतून येणाऱ्या छापील ईमेल आम्ही मोजायचो, वाचायचो नाही. नानांना छापील उत्तर आलं असेल तर त्यांनी छापील पत्र पाठवलं होतं का, एवढंच विचारते.

आता भेटीचं. शुक्रवारी-शनिवारी खासदार मतदारसंघात असतात तेव्हा लोकांना भेटतात, त्याला इथे सर्जरी म्हणतात. आमची लायब्ररीच्या मागच्या खोलीत असायची; घडीचं टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माणशी पंधरा मिनिटं. पूर्वी कुणीही यायचं. 2021 च्या ऑक्टोबरात सर डेव्हिड एमेस यांचा ली-ऑन-सीच्या चर्चमध्ये अशाच भेटीच्या वेळी खून झाला आणि सगळं बदललं. आता आधी वेळ घ्यावी लागते, ठिकाण अनेकदा शेवटी कळवतात. (हे एमेस म्हणजे मागच्या बाकावरच्या माणसाचा नमुना. जवळजवळ चाळीस वर्षं खासदार, एकदाही मंत्री नाहीत. विषय कुठलाही असो, साउथएंडला शहराचा दर्जा द्या हे त्यात घुसवायचेच. लोक हसायचे. दर्जा मिळाला, पण ते गेल्यावर.)

एकदा एक गृहस्थ आले, कॅरीबॅग भरून न फोडलेली पाकिटं घेऊन. भीतीने फोडलीच नव्हती. मी एकेक फोडून तारखेप्रमाणे टेबलावर मांडत गेले, खासदार शेजारी उभे राहून वाचत होते. अपिलाची मुदत संपल्याचं पत्र अगदी तळाशी निघालं. पंधरा मिनिटांचा सव्वा तास झाला आणि बाहेरच्या रांगेने आमच्या नावाने खडे फोडले. याउलट जो माणूस एका पानावर तारखा लिहून आणायचा, काय झालं, कुणाला लिहिलं, काय उत्तर आलं, नेमकं काय हवंय, त्याचं पत्र सोमवारी सकाळी टपालात पडायचं.

त्या पत्राने काय होतं? खासदार काउन्सिलला हुकूम देऊ शकत नाही, खासगी कंपनीला तर नाहीच. पण जाळीच्या दरवाजाचं चिन्ह असलेल्या हाउस ऑफ कॉमन्सच्या कागदावर पत्र गेलं की ते कॉल सेंटरला जात नाही, थेट वरच्या साहेबाच्या टेबलावर जातं. तिथून सही करून उत्तर द्यावं लागतं. तुम्हाला फोनवर जे चार जण चार तऱ्हेने सांगत होते, त्याचं एकच लेखी उत्तर हातात येतं. आमची निम्मी कामं इथेच मिटायची, संसदेत कुणी अवाक्षरही न बोलता.

इथे नाही मिटलं तर लेखी प्रश्न. आपल्याकडे अतारांकित असतात तसेच. खासदार मंत्र्याला विचारतो, उत्तर छापलं जातं. तुमच्या बाबतीत तर विचारण्यासारखा प्रश्न समोरच आहे. 2024 च्या मे महिन्यात लीजहोल्ड आणि फ्रीहोल्ड सुधारणा कायदा झाला, त्यात तुमच्यासारख्या फ्रीहोल्डवाल्यांना एस्टेट चार्ज वाजवी आहे का हे ट्रायब्युनलपुढे तपासून घेण्याचा हक्क दिलाय. पण त्या कायद्याची सगळी कलमं एकाच दिवशी लागू झाली नाहीत, एकेकाला मंत्र्याने वेगळे नियम काढावे लागतात. "अमुक कलम कधीपासून?" हे मंत्र्याला लेखी विचारायला खासदाराला पाच मिनिटं लागतात.

मग येते अर्ध्या तासाची चर्चा. रोजचं कामकाज संपलं की सभागृह तहकूब करण्याचा प्रस्ताव मांडतात आणि त्या आडून एका खासदाराला अर्धा तास मिळतो. विषय बहुधा सोडत काढून ठरतात. मी एकदा वर काचेमागच्या गॅलरीत बसून आमच्या साहेबांची पाहिली. सोमवार होता, रात्रीचे दहा वाजून गेलेले. मतदान संपल्याबरोबर एसटी स्टँडवर गाडी लागावी तसे सगळे दाराकडे धावले. हिरव्या बाकांवर उरले आमचे साहेब, समोर एक कनिष्ठ मंत्री, एक व्हिप, आसनावर उपसभापती, आणि उत्तर आयर्लंडचे जिम शॅनन, जे कुणाच्याही चर्चेला थांबून एक प्रश्न विचारतातच. इथल्या लोकांत तो प्रेमाचा विनोद आहे. बाजूच्या कठड्यात मंत्र्याचे अधिकारी बसलेले, ते चिठ्ठ्या पुढे सरकवत होते. मतदान नाही, टाळ्या नाहीत. टीव्हीवर पाहाल तर म्हणाल हा काय पोरखेळ, रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण.

पण मी त्या आधीचा आठवडा ऑफिसात काढला होता. विषय जाहीर झाल्या दिवसापासून मंत्र्याच्या खात्याचे फोन सुरू. "तुमच्या साहेबांना नेमकं काय हवंय?" जे खातं महिनोन्‌महिने पत्राची पोच देत नव्हतं, ते आता तपशील मागत होतं. कारण त्या मंत्र्याला रात्री उभं राहून, नाव-गावासकट, उत्तर द्यायचं होतं आणि ते हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, कायमचं छापलं जाणार होतं. बुधवारचा पंतप्रधानांचा तास (खरं तर अर्धा तास) गाजतो, पण त्यात सोडतीने पंधरा नावं निघतात आणि चतुर खासदाराला तिथे उत्तर नकोच असतं. "मंत्र्यांशी भेट ठरवून देतो" एवढं पंतप्रधानांच्या तोंडून निघालं की त्याचं काम झालं.

नाना म्हणतात काही होत नाही. पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण आठवा. संगणक खोटी तूट दाखवत होता आणि नऊशेहून जास्त सब-पोस्टमास्तर चोर ठरले, त्यात भारतातून आलेली कितीतरी कुटुंबं. प्रत्येकाला हेल्पलाइनवर ऐकवलं जायचं की हा त्रास फक्त तुम्हालाच आहे. हॅम्पशरच्या साउथ वॉर्नबरो गावात पोस्ट चालवणारी एक बाई आपल्या खासदाराकडे गेली, जेम्स आर्बथनॉट. हुजूर पक्षाचे, पण त्यांनी इतर खासदारांना विचारायला सुरुवात केली, तुमच्याकडे असं कुणी आलंय का? निघाले. मजूर पक्षाच्या केव्हन जोन्स यांच्याकडे डरममधलं प्रकरण होतं. "फक्त तुम्हालाच" हे खोटं तिथे उघडं पडलं. खासदारांच्या रेट्यामुळे 2012 मध्ये बाहेरचे हिशेब तपासनीस नेमले गेले, 2014 च्या डिसेंबरात आर्बथनॉटनी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा घडवली. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला 2024 उजाडलं, तोही टीव्हीवर मालिका आल्यावर. उशीर भयंकर झाला, मान्य. काहीजण न्याय बघायला उरले नाहीत. पण खासदारांनी तो धागा धरून ठेवला नसता तर मालिका काढायला तरी काय उरलं असतं?

तुमचंही तेच आहे, कल्याण. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2021-22 मध्ये अकरा मोठ्या बिल्डरांनी विकलेल्या नव्या घरांपैकी 80 टक्के घरांवर असला चार्ज होता, सरासरी 350 पौंड. तुमच्या खासदाराच्या शेजारी बसणाऱ्या दहा जणांच्या टपालात हेच बिल पडलेलं असणार.

जुनी_मुंबई

कृष्णाकाठ, दंडवत.

मत नसलेल्यांचं कोण ऐकतो, या प्रश्नावर थोडं अवांतर. 1889 च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा नॉर्थॅम्प्टनचे खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ मुद्दाम बोटीने आले होते. आपल्या एकाही माणसाला त्यांना मत द्यायचा हक्क नव्हता. तरी परत जाऊन त्यांनी 1890 मध्ये कायदेमंडळांच्या सुधारणेचं खासगी विधेयक मांडलं. ते पास झालं नाही, 1891 च्या जानेवारीत ब्रॅडलॉ वारले. पण 1892 मध्ये सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. लोक त्यांना "हिंदुस्थानचे खासदार" म्हणत.

त्याच वर्षी दादाभाई नौरोजी मध्य फिन्सबरीतून निवडून आले, पाच मतांनी. एल्फिन्स्टनमधला आपला गणिताचा प्राध्यापक लंडनच्या मतदारांचा प्रतिनिधी! 1895 ला पडले, पण त्या तीन वर्षांत सनदी परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्या असा ठराव कॉमन्सने केला. सरकारने तो गुंडाळून ठेवला हा भाग वेगळा.

नाना_थेम्सकाठी

"सरकारने गुंडाळून ठेवला." मी काय वेगळं म्हणतोय?

(छापील ईमेलचं मात्र खरं आहे. बटण दाबून पाठवली होती.)

कल्याण_जंक्शन

सगळ्यांचे आभार. एका पानावर तारखा लिहायला घेतल्यात. मतदार यादीचा फॉर्म बायकोने भरलासुद्धा.

कृष्णाकाठ ताई, दोन शंका. आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, दीडशे घरांचा. सगळ्यांनी वेगवेगळी पत्रं पाठवावीत की एकच? आणि संसदेच्या वेबसाइटवर याचिका टाकली तर? दहा हजार सह्यांवर सरकार उत्तर देतं म्हणे.

कृष्णाकाठ

वेबसाइटवरची दहा हजारांची याचिका तुमच्या तळ्यासाठी नव्हे. देशभरचा प्रश्न असेल तर ठीक, लाखाच्या वर गेली तर चर्चेसाठी विचारात घेतात. दीडशे घरांसाठी जुनीच वाट बरी, कागदी अर्ज. खासदाराला सांगा, आम्हाला तुमच्यामार्फत सभागृहात अर्ज सादर करायचाय. मजकूर ठरावीक साच्यात लागतो, तिथले क्लार्क तपासून देतात, त्यांना आधी दाखवल्याशिवाय सह्या घेऊ नका. सह्यांची किमान संख्या नाही. हाताने सही, पुढे पत्ता. रात्री त्या अर्ध्या तासाच्या चर्चेच्या आधी खासदार उभा राहतो, दोन वाक्यांत सांगतो, आणि कागद सभापतींच्या खुर्चीमागे टांगलेल्या हिरव्या पिशवीत टाकतो. खरीखुरी पिशवी आहे, मी पाहिली आहे. मजकूर हॅन्सार्डमध्ये छापतात आणि खात्याचं उत्तरही मागून छापलं जातं. बिल्डरला पुढचं पत्र लिहाल तेव्हा त्याला ते जोडा.

पत्र मात्र एकच पाठवा, दोन-तीन जणांच्या नावाने. त्यातल्या एकाने सर्जरीला जायचं, शक्यतो यॉर्कशरवाल्या आजोबांना बरोबर घेऊन. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि तो विषय सोडत नाही. तुमच्या वतीने इतरांशी बोलायला ऑफिसला तुमची लेखी संमती लागते, ती आधीच जोडा, एक फेरी वाचेल.

रस्त्याचा आणि बिलाचा विषय एकाच पत्रात कालवू नका. रस्त्यासाठी काउन्सिलला थेट विचारा: 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 38 खाली (रस्ता काउन्सिलच्या ताब्यात द्यायचा) बिल्डरशी करार झालाय का, आणि त्याच्या हमीचा बाँड किती रकमेचा आहे? बिल्डरने काम टाकलं तर काउन्सिल त्या बाँडच्या पैशातून करून घेऊ शकते. हा प्रश्न खासदाराच्या पत्रात गेला की दोघांची टोलवाटोलवी थांबते, कारण कागद कुणाकडे अडलाय ते कळतं. सांडपाण्याच्या नळांसाठी वेगळाच कायदा आहे, 1991 चा वॉटर इंडस्ट्री अ‍ॅक्ट, त्याचं कलम 104; ते पाणी कंपनीकडे विचारायचं.

आणि झोपाळ्याचा फोटो काढा, तारखेसकट. बिलातली तपासणीची ओळ त्याच्याखाली चिकटवा. बोलायला खासदारांना असलं काहीतरी लागतंच.

एडिनबराची_सून

हे सगळं स्कॉटलंडलाही लागू आहे का? आमच्याकडे इमारतीची देखभाल बघणारा "फॅक्टर" असतो, तोही असंच लुटतो.

कृष्णाकाठ

नाही, तुमच्याकडे वेगळं. घरांचा विषय एडिनबराच्या संसदेकडे, तेव्हा वेस्टमिन्स्टरच्या खासदाराऐवजी तुमच्या एमएसपींना, म्हणजे तिथल्या संसदेच्या सदस्यांना लिहा. फॅक्टरसाठी 2011 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांना नोंदणी करावी लागते आणि आचारसंहिता पाळावी लागते. आधी लेखी तक्रार फॅक्टरकडेच, मग ट्रायब्युनल. इथल्या लोकांपेक्षा तुम्ही सुखी आहात.